खालची दिशा

वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी साडेसातला वाचन सुरू होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, रोज. उत्तर नागपुरातल्या कुठल्याही वस्तीत त्या वेळी गेलात तर माइकवरून एकच ग्रंथ ऐकू येतो, बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. एका गल्लीत राहुलाच्या प्रव्रज्येचं पान चाललेलं असतं, दोन गल्ल्या ओलांडल्या की अंगुलिमालाचं. आमचा विहार लहान. वर टिना. पाऊस जोराचा आला की वाचणाऱ्याचा आवाज बुडून जातो आणि सगळे तसेच बसून राहतात, पाऊस ओसरेपर्यंत. कुणी उठत नाही.

कामाला जाणाऱ्या बायका उशिरा पोचतात. तोवर त्रिशरण-पंचशील होऊन गेलेलं असतं. त्या वंदन करून मागच्या भिंतीला टेकून बसतात. दिवसभर पाण्यात असलेली बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली असतात. एखादीचा डोळा लागतो. शेजारची तिला उठवत नाही, उलट तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेते. माझी आई याच भिंतीची. धरमपेठेतल्या घरांमध्ये तिनं तेवीस वर्षं धुणीभांडी, झाडूपोछा केला. पाच घरं. सकाळची बस चुकली तर पहिल्या घरी उशीर आणि मग दिवसभर तोच उशीर प्रत्येक घरी तिच्या आधी पोचलेला.

मी सांगते आहे ती पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या पावसाळ्यात आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. एका घरी न्हाणीघर घासताना ती पडली आणि मनगट मोडलं. त्या घरच्यांनी रिक्षाचे पैसे दिले, हे खरं. नवव्या दिवशी तिथं दुसरी बाई लागली, हेही खरं. महिनाअखेरीला पगार आणायला मी गेले होते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिच्या न आलेल्या दिवसांच्या चौकोनात लाल फुल्या मारल्या होत्या. त्या मोजून, भागाकार करून, उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले गेले. हिशेब चोख होता. त्यात एक पैशाचीही चूक नव्हती, आणि तीच गोष्ट माझ्या घशात कितीतरी दिवस अडकून राहिली.

त्या संध्याकाळी वाचनात सिगालाचं प्रकरण आलं.

वाचणारे गुरुजी रेल्वेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी नागपूर विद्यापीठातून पालीत एम.ए. केलं. आमच्या भागात अशी बरीच मंडळी आहेत, नातवंडांच्या बरोबरीनं परीक्षेला बसलेली. गुरुजी आधी मराठी वाचायचे, मग पालीतलं मूळ वचन सांगायचे, मग पुन्हा आमच्या बोलीत समजावायचे. राजगृहातला सिगाल नावाचा तरुण. रोज सकाळी आंघोळ करून, ओल्या कपड्यांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करतो. बुद्ध विचारतात, का करतोस? तो म्हणतो, वडिलांनी मरताना सांगितलं म्हणून. मग बुद्ध त्याला सांगतात की दिशांची पूजा अशी नसते. पूर्व म्हणजे आईवडील. दक्षिण म्हणजे शिक्षक. पश्चिम म्हणजे बायकोमुलं. उत्तर म्हणजे मित्र. वरची दिशा म्हणजे श्रमण. आणि खालची दिशा म्हणजे दास आणि कामगार. त्यांच्याशी नीट वागणं हीच त्या दिशेची पूजा.

पुढे गुरुजींनी मालकानं कामगारासाठी करायच्या पाच गोष्टी वाचल्या. यथाबलं कम्मन्तसंविधानेन: त्याच्या ताकदीइतकंच काम सांगावं. भत्तवेतनानुप्पदानेन: जेवण आणि वेतन द्यावं. गिलानुपट्ठानेन: आजारात त्याची शुश्रूषा करावी. अच्छरियानं रसानं संविभागेन: घरात काही विशेष, चवीचं केलं तर त्यात त्याला वाटा द्यावा. समये वोस्सग्गेन: वेळच्या वेळी सुटी द्यावी.

मागच्या भिंतीवरून आवाज आला, “गुरुजी, ते आखीन एक खेप वाचा.”

त्यांनी वाचलं. आजारपणाच्या वाक्याला दोनतीन बायकांनी वळून आईच्या हाताकडे पाहिलं. आईनं पदराखाली हात घेतला.

“हे बुद्धानं कोनाले सांगतलं? मालकाले का आपल्याले?”

“मालकाले,” गुरुजी म्हणाले.

“मंग आमाले कायले वाचून दाखवता? त्याईले वाचून दाखवा नं.”

विहारात क्षणभर शांतता झाली. गुरुजींनी चष्मा काढला. त्यांना उत्तर सुचत नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं आपण हे पान वाचतो आहोत आणि ते चुकीच्या माणसांसमोर वाचतो आहोत, ही गोष्ट त्यांना त्याच क्षणी उमगली असावी. मला तरी त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर बायका थांबल्या. चौदाजणी होत्या. त्यांतल्या तिघी बौद्ध नव्हत्या. दोघी छत्तीसगडकडच्या, बांधकामावर आलेल्या आणि पुढे घरकामाला लागलेल्या. एक मुसलमान, आईबरोबर त्याच बसनं जाणारी. छत्तीसगडच्या बाईला गुरुजींनी पाच वचनं हिंदीत सांगितली तेव्हा ती म्हणाली, आमच्या सतनामी पंथाच्या गुरु घासीदासबाबांनीही हेच सांगितलं आहे, मनखे-मनखे एक समान, म्हणजे माणूस-माणूस सारखा. आणि ती मांडी घालून बसली. त्या दिवसापर्यंत ती विहाराच्या पायरीवरच थांबायची.

कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर चांगलं होतं. वहीचं मधलं जोडपान काढलं. काय लिहायचं यावर वाद झाला नाही. महिन्यातून चार सुट्या, आजारपणाचे दिवस कापायचे नाहीत, दिवाळीला एक पगार बोनस, वजनदार कामाचे वेगळे पैसे, पाहुणे आले तर आधी सांगायचं. हे सगळ्याजणींच्या तोंडावर वर्षानुवर्षं होतं. वाद झाला तो कागदाच्या वरच्या भागावर. बुद्धाचं नाव घालायचं की नाही?

हा वाद बाहेरच्या माणसाला कळायला थोडा वेळ लागेल. आमच्यातल्या कित्येक बायका कामाच्या घरी आडनाव सांगत नाहीत. कुठं राहता असं विचारलं तर वस्तीचं नाव न घेता जवळच्या चौकाचं घेतात. दसऱ्याला सुटी मागताना दीक्षाभूमीला जायचंय म्हणत नाहीत, गावाला जायचंय म्हणतात. स्वयंपाकघरात शिरायचं काम असेल तर एक शब्द घर घालवू शकतो. अशा वेळी कागदाच्या माथ्यावर बुद्धाचं नाव लिहिणं म्हणजे आपलं घर, आपली जात, आपला पत्ता, सगळंच उघड करणं. एक बाई स्पष्ट म्हणाली, “नाव टाकलं तं मी कागद नेत नाई. पोट्टे उपाशी राहतीन.”

माझी आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, “बुद्धाची मूर्ती हाय त्याईच्या घरी. दिवानखान्यात, शोकेसमंदी. मीच पुसते रोज. तो त्याईले चालते, मंग त्यानं सांगतलेलं काहून नाई चालनार?”

नाव राहिलं. ज्यांना भीती होती त्यांना कुणी आग्रह केला नाही. त्यांच्यासाठी मी बिननावाचा दुसरा कागद लिहून दिला. पाच वचनं त्याच्याही माथ्यावर होती.

इथं मला आजीकडे वळलं पाहिजे, कारण ही बुद्धी आईला आकाशातून आली नाही. आजी कामठीची. बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, हातात कात्री. पानं रात्री ओली करून ठेवायची, सकाळी कापायची आणि दिवस मावळेपर्यंत वळून सुतानं बांधायची. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस जुड्या मोजून घ्यायचा आणि खराब म्हणून मूठभर बाजूला काढायचा. त्यांचे पैसे द्यायचा नाही आणि बिड्याही परत द्यायचा नाही. आजी सांगायची, “खराब होत्या तं फेकाच्या होत्या नं. पिशवीत काहून भरल्या?”

याच कामठीतले बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी मजुरांची संघटना बांधली. ते 1904 साली जन्मले, 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि जानेवारी 1939 मध्ये गेले. पुरतं पस्तीस वर्षांचं आयुष्य. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आज हा शब्द देशभर पोचला आहे आणि पुष्कळांना तो फक्त जातीच्या लढ्याचा वाटतो. माझ्या आजीसाठी तो बिडीच्या सुपाशेजारी ऐकलेला शब्द होता. हात जोडून ‘जोहार, मायबाप’ म्हणण्याऐवजी ताठ मानेनं म्हणायचा शब्द, आणि म्हटल्यावर जुड्या मोजणाऱ्याच्या डोळ्यांत बघता यायचं.

आणि 1942 चा जुलै. नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली होती, तिच्यासोबतच 20 जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बायका जमल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्यासमोर बोलले. त्या परिषदेचे ठराव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमचा वहीचा कागद आठवला. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथं काम करणाऱ्या बायकांना वर्षाला 21 दिवस किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाली तर भरपाई, वीस वर्षं नोकरी झाली की दरमहा 15 रुपये पेन्शन. 1942 साली, नागपुरात, बायकांनी हे मंजूर केलं. आमच्या चौदाजणींना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी सुटीची आणि दुखण्याची मागणी त्याच क्रमानं आली. बाईच्या कामाचं गणित फार बदललेलं नाही.

त्याच जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले. विहारात दरवर्षी कुणीतरी भाषणात सांगतं की बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले. मला वाटतं, आपल्या माणसाचं मोठेपण सांगताना आपण अधिक काटेकोर असायला हवं, कारण खरं आहे तेच पुरेसं मोठं आहे. 1934 च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला 54 तासांची मर्यादा होती. 1946 च्या दुरुस्तीनं ती 48 वर आली. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी 1946 मध्येच मांडलं, कायदा झाला 1948 मध्ये. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेल्या मिलमध्ये. सहा तास म्हणजे काय, हे आजोबांना विचारायला हवं होतं. आठवड्याला सहा तास. ते त्या तासांत रात्रशाळेत गेले, सही करायला शिकले, पुढे विहाराची वर्गणी लिहून ठेवू लागले. मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली. आता तिथं मॉल आहे.

पण आजोबांचे 48 तास मिलच्या फाटकापाशी येऊन थांबले. मिलला भोंगा होता, हजेरीपट होता, फाटक होतं. आईच्या कामाला यांतलं काहीच नव्हतं. घर हा कारखाना नव्हे. घरात इन्स्पेक्टर येत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला तो 2008 चा, त्यातही नोंदणी आणि मदतीच्या योजना आहेत, सुटीचा हक्क नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 16 जून 2011 ला घरेलू कामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला, त्याला भारतानं मान्यता दिलेली नाही. 29 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमायला सांगितलं. आईच्या बोटांवर मोजायचं तर ती कामाला लागली तेव्हापासून तिला नातवंडं होईपर्यंतचा हा काळ. या काळात तिच्याजवळ जे होतं ते म्हणजे विहाराची सतरंजी आणि संध्याकाळचा एक तास.

तेवढ्यावर काय होतं, असं कुणी म्हणेल. मी पाहिलं ते सांगते. चौदाजणी, पाच घरं प्रत्येकीची, पण एका वेळी सगळ्या एका जागी कधीच नसतात. दिवसा प्रत्येक बाई वेगवेगळ्या दाराआड एकटी असते. मिलमध्ये फाटकावर हजार माणसं भेटायची, तिथं सभा घ्यायला पुढाऱ्याला फक्त उभं राहावं लागायचं. घरकामवाल्या बायकांना भेटण्यासाठी आधी जागा लागते, जिथं नवरा जाऊ देतो, जिथं रात्री साडेआठला परत येताना कुणी बोट दाखवत नाही. ती जागा आमच्याकडे विहार होता. नागपुरात मोलकरणींची संघटना ज्यांनी उभी केली त्या रूपाताई कुलकर्णी विद्यापीठात संस्कृतच्या प्राध्यापिका होत्या आणि पुढे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारून ‘बोधी’ हे नाव जोडलं. एवढं शिकलेल्या बाईला धम्म आणि मोलकरणीची पगारी सुटी या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या नाहीत, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

कागद गेले. काय झालं ते सरळ नाही. एका घरच्या काकूंनी, रोज हरिपाठ म्हणणाऱ्या, तो कागद दोनदा वाचला, आईला बसायला सांगितलं, “हे बुद्धांनी सांगितलं आहे? आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही,” असं म्हणाल्या आणि कागद देवघरात ठेवला. महिन्याला दोन सुट्या त्यांनी तिथल्या तिथं कबूल केल्या आणि आजारपणाचे दिवस पुन्हा कधी कापले नाहीत. आईचा हात बरा होईपर्यंत त्यांनी घर दुसऱ्या बाईला दिलं नाही, स्वतः भांडी घासली. आठेक घरांनी काही ना काही वाढवलं. बहुतेकांनी कागद बाजूला ठेवून दिला आणि विषय बदलला. एका घरानं दोघी बहिणींना “संघटना करता का?” असं विचारून त्याच दिवशी काढून टाकलं.

त्या रात्री विहारात ठरलं की त्या घरी आपल्यातली कुणी जुन्या पगाराला जायचं नाही. बुद्धमूर्तीसमोर हात जोडून सगळ्यांनी तसं म्हटलं. सहा आठवडे त्या घरी कुणी गेलं नाही. सातव्या आठवड्यात एक बाई गेली. नवऱ्याचं काम सुटलं होतं, पोरीला डेंग्यू झाला होता. ती विहारात यायची बंद झाली, समोरून दिसली तर गल्ली बदलायची. मला तिचा फार राग आला होता. एकोणीस वर्षांच्या मुलीला येतो तसा. आई आणि त्या काढून टाकलेल्या दोघी बहिणींतली मोठी तिच्या घरी गेल्या, पोरीसाठी पपई आणि डब्यात सांबार-भात घेऊन. काय बोलणं झालं ते आईनं मला कधी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ती बाई मागच्या भिंतीला येऊन बसली. तिला जागा करून दिली गेली. ‘गिलानुपट्ठान’ या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला आणि तो मालकापुरता नव्हता.

सिगालाच्या त्या प्रकरणात पुढचा भागही आहे. मालकाच्या पाच गोष्टींनंतर कामगाराच्या पाच येतात: मालकाच्या आधी उठावं, त्याच्यानंतर झोपावं, दिलं तेवढंच घ्यावं, काम नीट करावं, त्याचं नाव चांगलं पसरवावं. हा भाग वाचला गेला त्या दिवशी आई चिडली. “आधी उठतेच मी. मागाहून झोपतेच. हे सांगाले बुद्ध कायले लागते?” मलाही ते वाक्य खुपलं. अजूनही खुपतं. ज्या काळात दास होते त्या काळातलं हे वचन आहे, त्याच्या अंगावर त्या काळाचा डाग आहे, आणि धम्माचं पुस्तक म्हणून तो डाग दिसू नये असं मी मानत नाही. प्रत्येक गोष्ट तपासून घ्या, मी सांगतो म्हणून मानू नका, असं सांगणाऱ्याच्या नावानं आपण एकत्र बसतो.

गुरुजींनी मात्र त्या दिवशी एक गोष्ट दाखवली. मूळ पालीत क्रम असा आहे की आधी मालकानं पाच गोष्टींनी सेवा करायची, आणि ‘अशी सेवा झाल्यावर’ कामगार पाच गोष्टींनी त्याला प्रतिसाद देतात. आधीची अट पुरी झाली तर पुढची. आणि त्या प्रतिसादासाठी जो शब्द वापरला आहे तो आहे ‘अनुकम्पन्ति’. कामगार मालकावर अनुकंपा करतात.

हा शब्द मराठीत आपण कुठं वापरतो? नोकरीवर असताना बाप मेला की मुलाला मिळणाऱ्या नोकरीला आपण अनुकंपा म्हणतो. वरून खाली येणारी गोष्ट. सिगालाच्या सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या त्या उपदेशात, ती खालून वर जाते. भल्या पहाटे उठून, दुसऱ्याच्या घरची खरकटी भांडी घासून, त्या घराला दिवसभर चालतं ठेवणारी बाई त्या घरावर अनुकंपा करते आहे. गुरुजी हे बोलले तेव्हा मागची भिंत एकदम स्तब्ध झाली. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आजवर शब्द शोधते आहे. कुणीतरी तिचं नाव पहिल्यांदा बरोबर उच्चारलं असावं, तसं काहीतरी.

नोव्हेंबर 1956 मध्ये, दीक्षाभूमीवरच्या 14 ऑक्टोबरच्या दीक्षेनंतर दीड महिन्याच्या आतच, बाबासाहेब काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. दुःख आहे आणि ते माणसानं माणसावर लादलेलं आहे, तर ते माणसानं दूर करायला हवं, हा त्यांच्या धम्माचा गाभा मला आमच्या विहारात दिसला. मागच्या जन्माचं पाप म्हणून आई भांडी घासत होती असं सांगणारी माणसं आमच्या आसपास होती, अजून आहेत. विहारानं तिला ते मानू दिलं नाही. श्रद्धा कामगाराला झोपवते असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तशी श्रद्धाही मी पाहिली आहे. आमच्या इथली श्रद्धा मात्र दमून डोळा लागलेल्या बाईला खांदा द्यायची आणि वाचन संपलं की तिला उठवून कागदावर अंगठा घ्यायची.

आता मी बँकेत आहे. मनीषनगरकडे फ्लॅट घेतला आहे, चौथ्या मजल्यावर. आईनं काम सोडून सात वर्षं झाली. मनगट थंडीत अजून दुखतं. माझ्याकडे एक मावशी येतात, झाडूपोछा आणि भांडी. त्यांना मी ‘मावशी’ म्हणते, ‘तुम्ही’ म्हणते, चहा त्याच कपात देते. मला वाटायचं की झालं, मी खालच्या दिशेला नमस्कार केला.

मागच्या वर्षावासात आई पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आली होती. संध्याकाळी ती मोबाइलवर विहारातलं वाचन ऐकायची. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी पाहायला गेले तर ती फ्रिजशेजारी उभी होती. तिथं माझं कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाची निळी खूण, आणि मावशी न आलेल्या दिवसांवर लाल फुली. त्या महिन्यात तीन होत्या. त्यांना व्हायरल झाला होता.

आई काही बोलली नाही. तिनं बोटानं तीनही फुल्यांना एकेक करून स्पर्श केला, जसं लहान मूल पाटीवरची अक्षरं गिरवतं. मग ती बाहेर जाऊन बसली आणि वाचन पुन्हा लावलं. मी ओट्यापाशी उभी राहिले. प्लास्टरमधला तो हात, हातावर ठेवलेले ते मोजून दिलेले पैसे, तो चोख भागाकार. मी तोच भागाकार दर महिन्याला करत होते. कधी शिकले, कुणाकडून शिकले, ते मला ठाऊक होतं.

एक तारखेला मावशी आल्या तेव्हा आई बाल्कनीत तूर निवडत होती. मी पगार दिला. त्यांनी नोटा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

“ताई, तीन खाडे झाले होते. पैशे जास्तीचे आले.”

“बरोबर आहेत, मावशी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. कालनिर्णयचं नवं पान उलटलेलं होतं आणि त्याच्यावर दुधाची एकच खूण होती. नोटा त्यांनी रुमालात बांधल्या, रुमाल कमरेला खोचला, भांडी घासली, ओटा पुसला. जाताना चपला घालता घालता दारातून आवाज दिला.

“ताई, बुधवारी मी येत नाही. पोट्टीच्या शाळेत जायचं आहे.”